निझव्यातली थंडी

दोन आठवडे घरात फक्त कुंदाच्या कपड्यांचा विषय.
मी यादी केली, वहीच्या शेवटच्या पानावर:
बाह्या कोपराखाली, गळा वर,
सलवार सैल, ओढणी मोठी, झिरझिरीत काही नको.
तिचा निळा कुर्ता खिडकीशी धरून
मी आरपार बघून घेतला,
नोट खरी की खोटी बघावी तसा.
ताईनं फोनवरून भर घातली: पायमोजे.
कुंदा ऐकत होती, घड्या घालत होती,
आणि मधूनच माझ्याकडे बघत होती,
सांगावं की राहू द्यावं, अशा नजरेनं.
राहू दिलं तिनं.

ओमान. निझवा. शुक्रवार, सकाळचे सात.
बकऱ्यांचा बाजार, किल्ल्याच्या पायथ्याशी.
गोल कट्ट्यावर गिऱ्हाइकं बसलेली,
मालक दोरीला धरून बकऱ्या फिरवतायत
गोल गोल, किमती ओरडत.
सगळीकडे घोट्यापर्यंतचे पांढरे झगे,
कडक इस्त्रीचे, शेणातूनही स्वच्छ.
आणि मध्ये मी.
खाकी हाफपँट, सहा खिसे,
खाली माझे दोन गुडघे,
ज्यांच्याबद्दल यादीत एक अक्षर नव्हतं.

कोणी काही बोललं नाही.
बोलले असते तर बरं.
नजरा यायच्या, गुडघ्यांपाशी अडायच्या
आणि वळून बकरीवर जायच्या,
न्हाणीघराचं दार चुकून उघडं राहिलं
तर भला माणूस वळतो तशा.
अठ्ठावन्न वर्षं हे गुडघे माझ्यासोबत चालले;
ओळख त्या सकाळी झाली.
डाव्यावर सायकलची जुनी खूण.
उजवा जरा आत वळलेला.
दोन्ही फार पांढरे.

पिकअपमागून एक म्हातारा आला.
खल्फान हे नाव नंतर कळलं.
हातात चौकड्यांचं कापड, ते त्याला वझार म्हणतात,
आपण लुंगी म्हणू.
मोडक्या हिंदीत म्हणाला, "आज ठंडी है."
पारा छत्तीसवर होता.
बकऱ्यांच्या जिभा बाहेर होत्या.
"हो," मी म्हणालो, "आहे खरी."

मग त्यानं ते माझ्याभोवती गुंडाळलं,
टोक ओढलं, दुमडलं, पोटाशी खोचलं,
शाळेच्या पहिल्या दिवशी पोराला तयार करावं तसं.
कापडाला बकरीचा वास, त्यावर लोबानाचा.
मला कपडे घालता येतात.
नेसायचं कधी शिकलो नव्हतो.
जिला येतं ती शेजारीच उभी होती,
ओढणी तोंडात कोंबून.
"पावलं लहान टाक," म्हणाली.
"बसताना आधी मागून सारखं कर.
आणि वारा आला की..."
"काय?"
"कळेल."

वारा आला.
कळलं.

दोन बायका, चेहऱ्यावर काळे मुखवटे,
एका बकरीचे दात तपासत होत्या.
त्यातली एक माझ्याकडे बघून कुंदाला काही बोलली.
कुंदानं मराठीत उत्तर दिलं.
तिघी हसल्या.
भाषा जुळत नव्हती,
विषय मात्र मला स्पष्ट दिसत होता.

तासाभरानं कापड परत द्यायला गेलो.
खल्फान बोकडाच्या सौद्यात होता,
बोटं गिऱ्हाइकाच्या हातात अडकलेली.
माझ्याकडे न बघताच म्हणाला,
"ठंडी जाने दो. फिर देना."

निघायच्या दिवशी, मस्कतला, समुद्रकाठच्या कट्ट्यावर
एक गोरा पोरगा बसला होता,
बिनबाह्यांचा बनियन, भाजलेले गुलाबी गुडघे,
आणि येणारे-जाणारे सगळे
एकाएकी समुद्राकडे बघू लागलेले.
मी पिशवीतून वझार काढला.
जमेल तेवढ्या इंग्रजीत म्हणालो,
"आज थंडी आहे, नाही?"
पोरगा प्रामाणिक. वर सूर्य पाहिला,
मग फोन पाहिला.
"नाही हो. बेचाळीस."

खल्फानचा चेहरा मला करता आला नाही.
काय करणार,
मीच तो पँटवरून नेसलो,
चौथ्या खेपेला नीट खोचला,
त्याच्या शेजारी बसलो, हात चोळले.
"मला वाजतेय," म्हणालो.